अन्यायाचे संग्रहालय आणि ग्रंथालयाचे कपाट



ग्रंथालयाची शताब्दी हा आनंदाचा प्रसंग असतो. अशा वेळी ग्रंथांचा महिमा, वाचनाचा संस्कार आणि संस्थापकांचे कष्ट यांविषयी बोलण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र थोडा आडवाटेचा आहे. गेल्या काही दशकांत जगात एका निराळ्या प्रकारची संग्रहालये उभी राहिली आहेत. राजेरजवाड्यांची शस्त्रे, जुनी नाणी किंवा भंगलेल्या मूर्ती त्यांत नसतात. एका समाजाने दुसऱ्या समाजावर केलेला अन्याय हाच त्यांचा विषय असतो. माणसे तिकीट काढून तो अन्याय पाहावयास जातात, शाळांतील मुले शिक्षकांबरोबर रांगेने येतात, वह्यांत टिपणे घेतात आणि परत जातात. असे प्रदर्शन पाहून माणसाच्या हाती नेमके काय लागते, आणि त्याचा ग्रंथालयाशी काय संबंध, एवढ्या दोनच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल. मोहनदास गांधी नावाच्या वकिलाला जेथे सत्याग्रहाचा मार्ग सापडला, तो हा देश. म्हणून तो येथील श्रोत्यांना अगदीच परका नाही. शिवाय वर्णभेद पुष्कळ देशांत होता आणि आहे, पण त्याची कायदेशीर चौकट, नमुने, शिक्के आणि अनुक्रमांक यांसह अशी काटेकोर मांडणी फार थोड्या राजवटींनी केली. १९४८ च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि 'अपार्थाइड' हे तिचे धोरण झाले. आफ्रिकान्स भाषेतील या शब्दाचा अर्थ केवळ 'वेगळेपण' असा आहे. शब्द किती सौम्य आहे! पुढील चार दशकांत या सौम्य शब्दाखाली माणसाने कोठे राहावे, कोणाशी लग्न करावे, कोणत्या बाकावर बसावे आणि मुलाला किती शिकवावे, हे सारे सरकारने ठरविले.

जोहान्सबर्ग शहरातील अपार्थाइड संग्रहालय २००१ साली उघडले. त्याच्या जन्माची कथाही ऐकण्याजोगी आहे. नव्या लोकशाही सरकारने १९९० नंतरच्या दशकात जुगारगृहांना परवाने देण्याचे ठरविले, तेव्हा परवाना मागणाऱ्यांनी समाजासाठी काय करणार हे सांगावे अशी अट होती. एका कंपनीसमूहाने संग्रहालय बांधण्याचे कबूल केले, आणि ते बांधलेही. त्यामुळे एका बाजूस करमणुकीची नगरी आणि तिच्या शेजारी ही उदास, करड्या भिंतींची वास्तू असे दृश्य तेथे दिसते.

या संग्रहालयात शिरण्याची पद्धतच त्याचा पहिला धडा आहे. तिकिटावर प्रेक्षकाचे वर्गीकरण छापलेले असते: 'गोरा' किंवा 'गौरेतर'. त्याचा प्रेक्षकाच्या खऱ्या वर्णाशी काही संबंध नसतो; हाती येईल ते तिकीट. मात्र प्रवेशद्वारे दोन आहेत आणि तिकिटावर लिहिलेल्या दारातूनच आत जावे लागते. नवरा एका दाराने जातो, बायको दुसऱ्या दाराने. बरोबर आलेले दोन मित्र एकमेकांना जाळीपलीकडून पाहत चालू लागतात. वाटेत दोन्ही बाजूंस त्या काळची ओळखपत्रे मोठी करून लावलेली आहेत: गोऱ्यांच्या बाजूस गोऱ्यांची, काळ्यांच्या बाजूस त्यांची पासबुके. थोड्या अंतरावर दोन्ही वाटा एकत्र येतात.

या योजनेवर टीका झालेली नाही असे नाही. दहा मिनिटे वेगळ्या दाराने चालल्यामुळे कोणाला जुलूम कळतो काय, असा प्रश्न विचारला जातो. पलीकडे वाटा मिळणार आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असते. ज्याने ते पासबुक तीस वर्षे खिशात बाळगले, त्याला ते ठाऊक नव्हते. ही टीका खरी आहे. परंतु त्या दोन दारांचा हेतू दुःखाचा अनुभव देण्याचा नसावा. दुःख असे तिकिटावर मिळत नाही. त्या दारांतून जाताना कळते ते एवढेच की ही विभागणी किती लहरी होती. हाती आलेल्या तिकिटावरून माणसाची जात ठरविणे जितके मूर्खपणाचे आहे, तितकीच सरकारची मूळ पद्धतही मूर्खपणाची होती.

ती पद्धत कशी होती ते पाहण्यासारखे आहे. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंद करण्याचे ठरले. गोरा, काळा आणि 'कलर्ड' म्हणजे मिश्र वंशाचा; पुढे हिंदी लोकांसाठी निराळा वर्ग. आता शेकडो वर्षे मिसळत आलेल्या समाजात अमुक माणूस गोरा की मिश्र हे कोणी आणि कसे सांगावयाचे? कायद्याने दोन कसोट्या मानल्या: दिसणे आणि लोकांतील समज. शंका आली की अधिकारी बोलावून पाहत, नखे पाहत, बोलणे ऐकत, आणि कधी केसांत पेन्सिल खोवीत. पेन्सिल खाली पडली तर केस सरळ, अडकून राहिली तर कुरळे. त्या एका पेन्सिलीवर घर, शाळा, नोकरी आणि लग्न अवलंबून असे. गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, पण वर्ण सावळा आणि केस कुरळे असलेल्या एका लहान मुलीला १९६६ साली पोलिसांनी गोऱ्यांच्या शाळेतून बाहेर काढले आणि सरकारने तिची 'कलर्ड' म्हणून नोंद केली. आईबाप तेच, घर तेच; पण मुलगी कागदावर दुसऱ्या वंशाची झाली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि ती कागदावर पुन्हा गोरी झाली.

संग्रहालयात कायद्यांची यादी भिंतीवर लावलेली आहे. ती वाचताना अन्यायापेक्षा त्याच्या नामकरणाचे आश्चर्य वाटावे असे एक उदाहरण तीत आहे. काळ्या माणसाने गावात वावरताना बाळगावयाच्या निरनिराळ्या परवान्यांच्या जागी एकच पासबुक सर्वत्र सक्तीचे करणारा कायदा १९५२ साली झाला. त्याच्या नावात शब्द आहेत 'पासांचे निर्मूलन'! पास वाढविण्याच्या कायद्याला पास रद्द करण्याचे नाव. सोळा वर्षांवरील प्रत्येक काळ्या माणसाने हे पुस्तक सदैव जवळ ठेवावयाचे, त्यात मालकाने दर महिन्यास सही करावयाची, आणि पोलिसाने मागताच ते दाखवावयाचे. घरी विसरले तर तुरुंग. लोक त्याला 'डॉम्पास' म्हणत. म्हणजे मूर्ख पास. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया या पासांचा निषेध करण्यासाठी प्रिटोरियाच्या सरकारी कचेरीवर चालून गेल्या. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पास न घेता पोलिसांपुढे उभ्या राहिलेल्या जमावावर गोळीबार झाला. अधिकृत आकड्याप्रमाणे ६९ माणसे मेली, आणि त्यांतील पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. पासांचे कायदे उठले ते १९८६ साली.

या पासांची मुळे अपार्थाइडपेक्षा जुनी आहेत. १९०६ साली ट्रान्सवालमधील हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती करणारा वटहुकूम आला, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात गांधींच्या उपस्थितीत दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे एका लोखंडी कढईत जाळली गेली. ती जाळणारांत सुरत-नवसारीकडचे व्यापारी होते, तमीळ मजूर होते. राज्यकर्त्यांनी माणसाचे अस्तित्व एका कागदावर आणून ठेवले होते. म्हणून त्याविरुद्धची पहिली मोठी कृतीही त्या कागदावरच झाली.

संग्रहालयात पुढे पोलिसांची चिलखती गाडी आहे, एकांतवासाच्या कोठड्यांच्या प्रतिकृती आहेत, आणि एका खोलीत छताला फासाचे शंभराहून अधिक दोर टांगलेले आहेत. राजकीय आरोपांखाली फाशी गेलेल्यांचे ते स्मरण आहे. प्रेक्षक बोलणे थांबवितात ते येथे. परंतु या संग्रहालयातील सर्वांत बोलका भाग कदाचित दुसराच असेल. तो म्हणजे अर्नेस्ट कोल यांची छायाचित्रे.

कोल हे काळे छायाचित्रकार. मूळ आडनाव कोले. काळ्या माणसाला पासाविना शहरात फिरता येत नसे, मग छायाचित्रे कशी काढणार? त्यांनी आडनाव बदलून कोल केले आणि 'कलर्ड' म्हणून आपली नव्याने नोंद करून घेतली. मग शहरात वावरता येऊ लागले. त्यांनी खाणीत भरतीसाठी नागडे करून रांगेत उभे केलेले मजूर टिपले, गर्दीने ओसंडणाऱ्या आगगाड्या टिपल्या, पास नसल्यामुळे हातकड्या पडलेली माणसे टिपली. १९६६ साली ते देशाबाहेर गेले आणि १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे पुस्तक 'हाऊस ऑफ बॉण्डेज' प्रसिद्ध झाले. स्वदेशात त्यावर बंदी आली. त्यांना मायदेशी पुन्हा परतता आले नाही. १९९० साली न्यूयॉर्कमध्येच ते वारले. खोटी नोंद केल्यावाचून खरी गोष्ट दाखविता आली नाही, एवढा त्यांच्या चरित्राचा अर्थ लक्षात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरे संग्रहालय केपटाऊनमध्ये आहे आणि त्याची रीत अगदी निराळी आहे. त्या शहरात १८६७ साली 'सहावा विभाग' म्हणून एका वस्तीची नोंद झाली. 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हे नाव त्यावरूनच आले. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, व्यापारी, गोदीतील मजूर, देशोदेशींचे स्थलांतरित असे सर्व तेथे दाटीवाटीने राहत. मशिदी, चर्चे आणि दुकाने एकमेकांना लागून होती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर केले. पुढील सुमारे पंधरा वर्षांत ६०,००० हून अधिक माणसे तेथून उठवून शहराबाहेरच्या वाळवंटी, वाऱ्याच्या पठारावर नेऊन टाकली, आणि घरे बुलडोझरने पाडली. प्रार्थनास्थळे तेवढी उभी राहिली. पण त्यांच्याभोवती भक्तच उरले नाहीत. याच कायद्याने जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यू भागातील हिंदी दुकानदारांनाही १९७० नंतरच्या दशकात हलविले. खुद्द केपटाऊनमध्ये रत्नागिरीच्या आणि आताच्या रायगड जिल्ह्याच्या खेड्यांतून गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबे आहेत. माणसाच्या वंशावरून त्याचा पत्ता ठरविणाऱ्या त्या व्यवस्थेत त्यांनाही राहावे लागले.

डिसेंबर १९९४ मध्ये, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर काही महिन्यांनी, तेथील एका मेथडिस्ट चर्चच्या इमारतीत डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय उघडले. त्यात मौल्यवान म्हणावे असे फार थोडे आहे. मध्यभागी जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा पसरलेला आहे. जे पूर्वी तेथे राहत होते ते आले, गुडघ्यांवर बसले, आणि आपले घर जेथे होते तेथे त्यांनी आपले नाव लिहिले. येथे आमचे दुकान, येथे शाळा, येथे चित्रपटगृह. सरकारच्या नकाशावर जी जागा मोकळी होती ती लोकांनी हाताने भरून काढली. दुसरी वस्तू म्हणजे रस्त्यांच्या नावांच्या पाट्या. पाडापाडीच्या कामावरील एका गोऱ्या अधिकाऱ्याने या पाट्या फेकून न देता आपल्याजवळ जपून ठेवल्या होत्या. संग्रहालयाची मंडळी शोध घेत आली तेव्हा त्या बाहेर निघाल्या, आणि आज त्या नकाशाच्या वर टांगलेल्या आहेत. तिसरी वस्तू एक लांबच लांब कापड. येणारे जुने रहिवासी त्यावर आठवणी लिहितात आणि पुढे त्यांवर भरतकाम केले जाते. प्रदर्शन समजावून सांगणारे मार्गदर्शकही पुष्कळदा त्याच वस्तीतून उठवले गेलेले असतात.

या संग्रहालयाचे काम भिंतींच्या आत संपले नाही. १९९४ च्या कायद्याने हिरावलेली जमीन परत मागण्याची सोय झाली, तेव्हा कोण कोठे राहत होते याचा पुरावा लोकांना लागला. ज्या आठवणी प्रदर्शनासाठी गोळा झाल्या त्याच दाव्यांनाही आधार देऊ लागल्या. ११ फेब्रुवारी २००४ रोजी, वस्ती हिरावल्याला बरोबर अडतीस वर्षे झाली तेव्हा, ऐंशी वर्षांवरील दोन वृद्धांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. परतीचे काम फार संथ चालले, पुष्कळांनी वाट पाहतच डोळे मिटले, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. तरी नकाशावर लिहिलेल्या नावातून एखादा दरवाजा खरोखर उघडला, हे थोडे नव्हे.

या दोन संग्रहालयांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रदर्शनाचे मोल त्याने डोळ्यांत आणलेल्या पाण्यावर ठरत नाही. दया वाटणे सोपे असते. दया वाटून माणूस समाधानाने घरी जातो, आणि ते दुष्ट लोक निराळे, आपण निराळे, असे मानून मोकळा होतो. चांगले प्रदर्शन अन्यायाची यंत्रणा उघडी करून दाखविते: कोणता कायदा, कोणता नमुना, कोणाची सही, कोणती पाटी. मग प्रेक्षक आपल्या गावी परतल्यावर तेथील नोंदी आणि पाट्या शोधू लागतो. तो असा शोधू लागला तर प्रदर्शन यशस्वी झाले.

तर मग वडोदऱ्याच्या या शहरात शोधू लागणाऱ्याला काय सापडेल?

या शहराची प्रतिष्ठा मोठी आहे. सयाजीराव महाराजांनी १८८२-८३ पासून अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा उघडल्या. १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यापाड्यांत फिरत्या पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. करारानुसार राज्याची नोकरी करण्यासाठी तो १९१७ साली येथे परत आला. तेव्हा या शहरात त्याला राहावयास जागा मिळेना.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या लहानशा टिपणात डॉ. आंबेडकरांनी ती हकीकत सांगितली आहे. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. तेथे केवळ पारशी माणसासच उतरता येई आणि नोंदवहीत नाव लिहावे लागे. देखभाल करणाऱ्याशी बोलून त्यांनी पारशी नावाने नोंद करवून घेतली आणि रोज दीड रुपया देऊन ते तेथे राहू लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. मग मुंबईची गाडी रात्री नऊला सुटेपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. त्या आठवणीने ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्याच बागेत महाराजांचे संग्रहालय त्या वेळीही उभे होते. देशोदेशींच्या दुर्मिळ वस्तू त्यात काचेखाली होत्या. ज्या नोंदवहीत एका विद्वानाला खोटे नाव लिहावे लागले, ती वही मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही.

कोल यांची आठवण येथे व्हावी. दोन देश, मधे अर्धशतक, आणि दोन्हीकडे माणसाला वावरता यावे म्हणून दुसऱ्याच नावाची नोंद करावी लागली. पण साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत कागद अन्यायाच्या बाजूने होता. तेथे १९५३ च्या कायद्याने बाक, समुद्रकिनारे, टपालकचेऱ्या आणि ग्रंथालये वेगळी करता आली, आणि ती सारख्या दर्जाची असण्याची गरज नाही असेही कायद्यानेच सांगितले. म्हणून तेथे पाट्या होत्या, आणि म्हणून त्या आज संग्रहालयात टांगता येतात. येथे कागद पुष्कळदा न्यायाच्या बाजूने होता. आंबेडकरांजवळ महाराजांची शिष्यवृत्ती होती, नेमणुकीचा हुकूम होता. पण डोक्यावर छप्पर नव्हते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी ते पाणी हाती घेण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले, त्याबद्दल मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागेपर्यंत १९३७ साल उजाडले.

येथील अन्यायाला पाटीची गरजच नव्हती. वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी कपबशी, विहिरीपासून राखायचे अंतर, ओंजळीत वरून सोडलेले पाणी, वर्गाच्या दाराबाहेरचे गोणपाट: यांचा हुकूम कोणी छापला नव्हता. जे सर्वांना पाठ असते ते लिहावे लागत नाही. आणि जे लिहिले गेले नाही ते पुढे काचेखाली ठेवता येत नाही. पुण्यात आणि नागपुराजवळच्या चिचोलीत डॉ. आंबेडकरांच्या वापरातील वस्तू निष्ठेने जपलेल्या आहेत. त्या महामानवाच्या स्मृती होत. पण त्या कपबशीचे संग्रहालय कोठे आहे?

ते ग्रंथालयात आहे. मराठीत ते कपाटांत ठेवलेले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली. शांताबाई कांबळे आणि बेबी कांबळे यांनी बाईच्या वाट्याला आलेले दुहेरी ओझे सांगितले. उर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली आले. गावगाड्यातील महारकी, गाढवांवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे कैकाडी, कोकणातील टोपल्या विणणारे हात, हे सर्व त्यांत आहे. ज्या रूढीने पाटी लावली नाही, तिची पाटी या लेखकांनी लिहून ठेवली. जोहान्सबर्गला ज्या गोष्टीसाठी इमारत बांधावी लागली, ती मराठी वाचकाला वर्गणीच्या चार रुपयांत घरी नेता आली. यातील किती पुस्तके किती जणांनी घरी नेली, हे देवघेवीच्या नोंदींत दिसते, आणि प्रत्येक ग्रंथालयाने ते कधीतरी पाहावे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयावर याहून एक अधिक जबाबदारी येते. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी समाज दोनतीन शतके घर करून आहे. त्याचे कारकून, शिक्षक, वकील, सरदार यांच्या कहाण्या लिहिल्या गेल्या. त्यांच्याबरोबर लष्करातून, घोड्यांच्या पागांतून, रस्त्यांच्या सफाईतून आलेले मराठी भाषकही याच शहरांत आहेत. त्यांच्या वस्त्या, त्यांचे पाणवठे, त्यांच्या शाळा यांच्या आठवणी फार थोड्या लिहिल्या गेल्या. त्या आठवणी सांगणारी पिढी थकत चालली आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते आणि ती खर्चाची नाही. ग्रंथालयाचे पहिले सभासदत्वाचे रजिस्टर, पहिली नियमावली, अनामत रकमेचे आणि वर्गणीचे पहिले दर हे सारे काचेखाली ठेवावे. रजिस्टरात कोणाची नावे आहेत हे सर्वांना दिसावे, आणि कोणाची नाहीत हेही दिसावे. नियमांत कोणासही मज्जाव लिहिलेला नसेल. बहुतेक ग्रंथालयांत तो नव्हताच. तरी पहिल्या पंचवीस वर्षांत कोणत्या वस्त्यांतून एकही वाचक आला नाही, हे नावांवरून आणि पत्त्यांवरून सहज समजेल. त्याच्या शेजारी शहराचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा जमिनीवर पसरावा, आणि ज्यांना त्यावर काही लिहावयाचे असेल त्यांच्या हाती पेन द्यावे.

आनंदाच्या प्रसंगी हे उकरून का काढावे, असे कोणी विचारील. केपटाऊनच्या त्या नकाशावर लोकांनी केवळ पाडलेली घरे लिहिली नाहीत. त्यांनी नाच-गाण्याचे दिवाणखाने लिहिले, मिठाईची दुकाने लिहिली, शेजाऱ्यांची नावे लिहिली. जे हिरावले गेले ते सांगताना जे होते तेही परत हाती आले. ग्रंथालयाच्या नकाशावरही तसेच होईल. कोणी लिहील, या गल्लीत आमच्या आजीला वाचून दाखविणारे कोणी नव्हते. कोणी लिहील, या शाळेच्या गुरुजींनी स्वतःच्या नावावर पुस्तक काढून आम्हांला दिले. दोन्ही नोंदी ग्रंथालयाच्याच इतिहासाच्या आहेत.

पहिल्या रजिस्टरात ज्यांची नावे नाहीत, त्यांची नातवंडे आज या दालनात वाचावयास बसतात. ते रजिस्टर काचेखाली पाहून त्यांनी शेजारच्या वहीत जे लिहावे, ते ग्रंथालयाने इतर पुस्तकांप्रमाणेच दाखल क्रमांक घालून कपाटात ठेवावे, एवढीच विनंती आहे.